झेंड्याची काठी

२०२१ च्या मे महिन्याची अखेर. सकाळी सकाळी आमच्या गावच्या भाऊसाहेबांचा फोन आला. भाऊसाहेब म्हणजे ग्रामसेवक. खेड्यात या माणसाला स्वतःचं नाव असतं, पण ते पगारपत्रकापुरतं. त्यांचा फोन म्हणजे घरपट्टी थकलेली असणार, असं धरून मी आवाज मऊ केला. पण विषय वेगळाच निघाला.

"काका, तुमच्याकडं पंधरा फुटी बांबू हाय का?"

ते दिवस करोनाच्या दुसऱ्या लाटेचे. ग्रामपंचायतीला बांबू हवा असला की एखादी गल्ली बंद व्हायची आहे, एवढं आम्हाला वर्षभरात कळून चुकलं होतं. मी घाबरून विचारलं, "कोण निघालं पॉझिटिव्ह?"

"कोण न्हाई हो. सहा जूनला शिवस्वराज्य दिन हाय. वरनं पत्र आलंय. गुढी उभारायची."

हे 'वरनं' म्हणजे ग्रामविकास खात्याकडून. ६ जून १६७४ ला रायगडावर शिवरायांचा राज्याभिषेक झाला. तो दिवस राज्यातल्या सगळ्या जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आणि ग्रामपंचायतींनी भगवा उभारून साजरा करावा, असं शासनानं त्या वर्षी ठरवलं. भाऊसाहेबांनी पत्राचा फोटो मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि मी तो चष्मा पुसून दोनदा वाचला. आयुष्यभर बँकेत परिपत्रकं वाचली, पण इतकं देखणं परिपत्रक हाती आलं नव्हतं. उभारायच्या वस्तूचं नाव होतं 'शिवशक राजदंड स्वराज्यगुढी'. ध्वज उंची सॅटिनचा, भगवा, जरीच्या किनारीचा. तीन फूट रुंद, सहा फूट लांब. त्यावर जिरेटोप, सुवर्णहोन, जगदंब तलवार, शिवमुद्रा आणि वाघनखं अशी पाच शुभचिन्हं. बांबू कमीत कमी पंधरा फूट. त्याला टेकू द्यायला टेबल. वर कलश, शिवाय पुष्पहार, गाठी, आंब्याची डहाळी, अष्टगंध, अक्षता, हळद-कुंकू. राष्ट्रगीत आणि महाराष्ट्रगीत म्हणायचं. सूर्यास्ताला गुढी उतरवायची.

साडेतीनशे वर्षं ज्याला कुणी फूटपट्टी लावली नव्हती, तो भगवा असा पहिल्यांदा मोजमापात बसला. महाराष्ट्राला स्वतःचा असा राज्यध्वज नाही, राजमुद्रा आहे. कर्नाटकात लाल-पिवळा झेंडा साठच्या दशकापासून फडकतो आहे, मा. राममूर्तींनी तो आणला. २०१८ साली तिथल्या सरकारनं मधे पांढरा पट्टा घालून त्याला अधिकृत करायचा घाट घातला आणि मान्यतेसाठी दिल्लीकडे बोट दाखवलं. जम्मू-काश्मीरचा होता, तो २०१९ मध्ये गेला. आपण या भानगडीत पडलोच नाही. आपला झेंडा कुणी मंजूर केला नाही, त्यामुळं नामंजूर करण्याचीही सोय कुणाला राहिली नाही. अशा झेंड्याला पत्रानं गाठलं तेही अगदी तळाच्या कचेरीत, जिथं पाणीपट्टीची पावती फाडतात त्या टेबलाशेजारी.

बांबू माझ्याकडं नव्हता. तो तात्यांकडं होता.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. ऐंशीच्या घरातले. बांबूला ते बांबू म्हणत नाहीत, कळक म्हणतात. त्यांच्या मते बांबू कागदाच्या कारखान्यात जातो आणि कळक माणसाच्या उपयोगी पडतो. परड्यात त्यांचं कळकाचं बेट आहे आणि गावातल्या प्रत्येक मांडवाला, प्रत्येक शिडीला आणि प्रत्येक शेवटच्या प्रवासाला त्या बेटानं हातभार लावलेला आहे.

आमचं गाव कृष्णेकाठी, सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या शिवेवर. आज ते सांगलीत मोडतं, म्हणजे गाडीला एमएच १०. पलीकडच्या रानातला ट्रॅक्टर मात्र साताऱ्याचा, त्याच्यावर वेगळा आकडा. तात्यांच्या शाळेच्या दाखल्यावर जिल्हा म्हणून 'द. सातारा' लिहिलेलं आहे. त्यांना एका नातवानं विचारलं होतं, द म्हणजे दक्षिण का दत्तक? तसं दोन्ही खरंच. इंग्रजांच्या काळातल्या सातारा जिल्ह्यात वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा हे सगळं होतं. संस्थानं विलीन झाली, सांगली, मिरज, जत, औंध यांचे तुकडे जोडले गेले आणि १९४९ मध्ये जिल्ह्याची उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा अशी वाटणी झाली. १९६० ला दक्षिण सातारा जाऊन सांगली आलं. भावाभावांच्या वाटणीत भांडी मोजतात, गुरं मोजतात, विहिरीच्या पाळ्या ठरतात. देव्हारा मात्र थोरल्याकडं ठेवून सणाला सगळे तिथं जमतात. आमच्या वाटणीत झेंड्याचं असंच झालं. तो वाटणीपत्रात आलाच नाही.

नाही म्हणायला कुरबुर चालते. 'साताऱ्याचं प्रतिसरकार' असं पुस्तकांतून छापतात. १९४३ ते ४६ ब्रिटिशांना न जुमानता ज्यांनी गावोगाव न्यायनिवाडे केले, ते. पण नाना पाटलांचं येडे मच्छिंद्र, जी. डी. बापू लाडांचं कुंडल, नागनाथअण्णांचं वाळवा ही तिन्ही गावं आज सांगली जिल्ह्यात. सातारकर म्हणतात, तेव्हा सातारा होता, तर साताराच म्हणायचं. सांगलीकर म्हणतात, घर आमच्यात आणि पाटी तुमची? मी नोकरीनिमित्त तीस वर्षं साताऱ्यात काढली, मूळ गाव सांगलीत. त्यामुळं दोन्हीकडच्या चहाला मी मान डोलावतो.

तर भाऊसाहेब आणि मी झेंड्याचं कापड बघायला कऱ्हाडला गेलो. दुकानाचं शटर अर्धं खाली, आम्ही वाकून आत. दुकानदारानं गल्ल्यावरूनच विचारलं, "देवाला, पक्षाला, का मिरवणुकीला?"

भाऊसाहेब म्हणाले, "शासनाला."

दुकानदार जरा थांबला. हे गिऱ्हाईक त्याच्याकडं नवीन होतं. "मग पक्कं बिल लागंल," असं म्हणत त्यानं ठाणं काढली. एक भगवा नव्हताच. केशरी होता, नारिंगी होता, शेंदरी होता, एक विटकरीकडं झुकणारा, एक पिवळ्याकडं, आणि एक असा झगमगीत की त्याच्याकडं बघून सर्दी व्हावी. देवाच्या झेंड्याला कुठला जातो, भजनी मंडळ कुठला नेतं, निवडणुकीत कुठला संपतो, हे त्याला तोंडपाठ. पत्रात 'भगवी' एवढंच होतं. भाऊसाहेबांनी तीन ठाणांवर आळीपाळीनं हात ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर आला तो आमच्या म्हातारीनं चुलीच्या बाजूनं ओढलेला कावेचा पट्टा.

कारण भगवा मुळात तोच. काव म्हणा, गेरू म्हणा, लाल माती. संन्याशानं, गोसाव्यानं कापड तिच्यात बुडवायचं, वाळवायचं. मळ दिसू नये, परत परत धुवावं लागू नये, आणि कुणाला चोरावंसं वाटू नये, अशा तिन्ही सोयी त्यात होत्या. वारकऱ्याच्या खांद्यावरची पताका त्याच रंगाची. सज्जनगडाच्या पायथ्याशी लहानाचे मोठे झालेल्यांना विचारलं तर ते समर्थांची गोष्ट सांगतात: शिवरायांनी राज्य झोळीत घातलं, समर्थांनी ते परत देऊन आपल्या छाटीचा झेंडा करायला सांगितला. अभ्यासक या गोष्टीला दंतकथा म्हणतात आणि गुरू-शिष्याच्या नात्यावरून त्यांच्यात जो वाद आहे, त्यात मी पडत नाही. माझी दोन्ही बाजूंकडं ऊठबस आहे. तात्यांचं मत मात्र मला पटतं. ते म्हणाले, "काव मातीत घावती. माती कुणा एकट्याची आसती व्हय?" काहीही असो, गोष्टीत कापड जाडंभरडं आणि मळकं आहे. सॅटिनचा त्यात उल्लेख नाही.

सॅटिन आलं ते दुसऱ्या बाजूनं, जरीपटक्याच्या. मराठ्यांची निशाणं दोन: एक हा गोसाव्याचा भगवा, दुसरा जरतारी जरीपटका. जरीपटका म्हणजे मान. छत्रपतींनी सरदाराला तो द्यायचा, मग तो हत्तीवरून मिरवायचा. मोठ्या निशाणाला तेव्हा 'ढाल' म्हणत आणि ते वाहणाऱ्या हत्तीला 'ढालगज'. आज आमच्याकडं ढालगज म्हणजे कंबरेवर हात ठेवून गल्ली दणाणून सोडणारी बाई. शिवी म्हणून हा शब्द वापरणाऱ्याला आपण तिला फौजेच्या बिनीला नेऊन उभं केलंय, याचा पत्ता नसतो. तिला तो कळला तर ती आणखी एक वेणी माळून येईल. म्हणजे शासनानं केलं काय, तर गोसाव्याचा रंग आणि सरदाराची जर एकत्र शिवली. तडजोड वाईट नाही. दुकानदारानं शेवटी स्वतःच एक ठाण पुढं सरकवलं आणि म्हणाला, "ह्यो घ्या. ह्यो कुणाचाच न्हाई." आम्ही तो घेतला.

परत येताना लक्षात आलं की सगळं झेंड्याच्या कापडाबद्दल बोललं, लिहिलं जातं. रंग कुठून आला, अर्थ काय, त्याग का शौर्य. काठीबद्दल कुणी बोलत नाही. आणि माझा तर आयुष्यभराचा अनुभव असा की झेंडा चढवताना अडचण येते ती काठीलाच.

सातवीत असताना पंधरा ऑगस्टला झेंडा बांधायचं काम माझ्याकडं आलं. तिरंग्याची घडी घालून, आत फुलं ठेवून, दोरी एका हिसक्यात सुटेल अशी सरकती गाठ मारायची असते. मी शेतकऱ्याचं पोर, मला एकच गाठ यायची: खोंड दाव्याला बांधायची. पाहुण्यांनी दोरी ओढली. खोंडाची गाठ ती, ओढली की घट्ट बसायची. राष्ट्रगीत सुरू झालं, संपलं. वर नुसतं गाठोडं. शेवटी काठी पायातून उपटून आडवी केली, फुलं तिथंच मातीत सांडली, आणि काठी परत रोवेपर्यंत सगळी शाळा सावधानमध्ये. मास्तर मला काही बोलले नाहीत. नंतर नऊ वर्षं त्या शाळेत झेंडा बांधायचं काम शिंप्याच्या मुलाकडं होतं, एवढंच.

काठी म्हटलं की मला साताऱ्याचा अजिंक्यतारा आठवतो, १८१८ चा. फेब्रुवारीत जनरल स्मिथच्या फौजेपुढं किल्ला खाली झाला. रिवाजाप्रमाणं इंग्रजांचं निशाण वर गेलं. आणि मग तेच निशाण उतरवून त्या जागी भगवा झेंडा चढवला आणि तोफांची सलामी दिली. इंग्रजांनी, स्वतः! ग्रँट डफनं आपल्या मराठ्यांच्या इतिहासात हे नोंदवलंय. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनचा हिशेब सरळ होता: सरदारांना दाखवायचं की आमचं भांडण बाजीराव पेशव्याशी आहे, तुमच्या छत्रपतींशी नाही. गंमत अशी की छत्रपती प्रतापसिंह त्या घडीला बाजीरावाच्याच छावणीत होते; ते इंग्रजांच्या हाती आले त्यानंतर, अष्टीच्या लढाईत. म्हणजे राजाचा अजून पत्ता नाही आणि झेंडा आधीच वर. त्यांना काठीपुरता राजा हवा होता. १८३९ ला त्यांनी प्रतापसिंहांना पदच्युत केलं, १८४८ ला वारस नाही म्हणून राज्यच खालसा केलं. अजिंक्यताऱ्यावर त्या दिवशी दुसरी काठी शोधायला कोण गेलं असेल? आधी त्यांचं, मग आपलं, एकाच काठीवर.

आमच्या दक्षिण बाजूला, वारणेच्या खोऱ्यात बिळाशी नावाचं गाव आहे. तेव्हा साताऱ्यात, आता सांगलीतल्या शिराळा तालुक्यात. १९३० साली तिथं जंगल सत्याग्रह झाला. सरकारी जंगलातलं गवत कापायचं नाही, लाकूड तोडायचं नाही, असा कायदा. गावानं काय करावं? सागाचं झाड तोडलं, ते आणून देवळासमोर उभं केलं आणि त्यावर निशाण लावलं. ते निशाण म्हणजे आजचा तिरंगा नव्हे. तेव्हाच्या काँग्रेसच्या झेंड्यावर पांढरा, हिरवा, तांबडा असे पट्टे आणि चरखा होता. निशाण लावणं हा गुन्हा आणि त्याची काठी हाही गुन्हा. एकाच सोटात दोन कलमं. मला त्या गावाच्या डोक्याचं फार कौतुक वाटतं. झेंड्याला काठी कुठली घ्यावी, याचा इतका विचार दुसऱ्या कुणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. मग ते सागाचं लाकूड खाली पाडायला हत्यारी पोलीस आले. बाया-बापड्यांनी निशाणाभोवती कडं केलं. गोळीबार झाला आणि मांगरूळचे धोंडी संतू कुंभार गेले. 'बिळाशीचं बंड' असं अजून म्हणतात.

बारा वर्षांनी, बेचाळीसला, या सगळ्या मुलखातली माणसं तालुक्याच्या कचेऱ्यांवर चालून गेली. मागणी एकच: कचेरीवर आपलं निशाण लावू द्या. तासगावच्या मामलेदाराला गांधी टोपी घालून झेंड्याला वंदन करावं लागलं, ही आठवण सांगताना आमच्याकडची म्हातारी माणसं अजून टोपी घातल्याची नक्कल करतात. तात्यांनीही ती माझ्यापुढं अनेकदा केलेली आहे, स्वतःच्या जन्माआधीची असूनही. ९ सप्टेंबर १९४२ ला वडूजला मात्र बंदुका पुढं होत्या. वडगावचे परशुराम घार्गे झेंडा हातात धरून सर्वांत पुढं होते. तिथं काठी म्हणजे तो हातच होता. नऊ माणसं गेली. वडूज साताऱ्यात, तासगाव सांगलीत. तेव्हा दोन्ही कचेऱ्या एकाच कलेक्टरच्या होत्या.

तात्यांना या विषयावर बोलतं केलं की ते बेचाळीसवरून तडक चैत्रावर येतात. जोतिबाची चैत्री यात्रा हा त्यांचा खरा विषय. तरुणपणी ते सासनकाठी नाचवायचे. वाडी रत्नागिरीला चैत्री पौर्णिमेला गावोगावच्या सासनकाठ्या येतात. मानाची पहिली साताऱ्याकडच्या पाडळीची, दुसरी पाटण तालुक्यातल्या विह्याची, डोंगर कोल्हापूरचा. तिथं कुणी जिल्हा विचारत नाही, नंबर विचारतात. सासनकाठी म्हणजे झेंडा आहे खरा, पण लोक नाव घेतात ते काठीचं. भला उंच कळक, वर निशाण, अंगावर कापड, घुंगरं. खाली एकानं ती पोटाशी, कमरेच्या कापडात तोलायची, चारी बाजूंनी चौघांनी दोर धरायचे, आणि हलगीवर नाचायचं. वरून गुलाल आणि खोबरं. तात्या म्हणतात, "झेंड्याकडं बघायचं न्हाई. दोर धरलेल्याच्या डोळ्याकडं बघायचं. त्यो जरा का पोरीकडं बघाय लागला, की काठी गेली."

त्यांनी अशी एक काठी जाताना पाहिली आहे. दोर कुणाचा सुटला ते सांगत नाहीत. त्या वर्षी त्यांचं लग्न ठरलं, एवढं काकी सांगतात.

मी हे लिहितो आहे ते नंतरच्या वर्षांत, आणि मधल्या काळात झेंड्याच्या आणखी दोन गोष्टी घडल्या. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जत तालुक्यातल्या गावांवर हक्क सांगितला आणि जतच्या सीमेवरच्या काही गावांत लोकांनी कर्नाटकाचे लाल-पिवळे झेंडे घेऊन फेरी काढली. मुंबईत गडबड उडाली. टीव्हीवर अस्मिता वगैरे सुरू झालं. गाववाले सांगत होते ते साधं होतं: पाणी द्या. म्हैसाळ योजनेचं पाणी जिथवर पोचत नव्हतं, तिथवर दुसऱ्याचा झेंडा पोचला. त्यानंतर विस्तारित योजनेच्या फायली कशा चटचट हलल्या, ते सगळ्यांनी पाहिलं. तात्यांनी बातमी ऐकली आणि विचारलं ते एवढंच: "काठ्या कुठनं आणल्या रं त्यांनी? तिकडं दुष्काळात कळक कुठला?"

दुसरी गोष्ट २०२४ च्या जुलैची. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातली वाघनखं साताऱ्याच्या शिवाजी महाराज संग्रहालयात पाहायला ठेवली. ती नेमकी तीच का, यावर इतिहासकारांत जुंपली. मी रांगेत उभा राहून पाहिली आणि मनात म्हटलं, आमच्या ग्रामपंचायतीच्या झेंड्यावर ही तीन वर्षं आधीच आली होती, आणि तीही परतीच्या बोलीवर नव्हे.

आता त्या सहा जूनवर येतो. तो रविवार होता, आणि भाऊसाहेबांच्या मनात इतिहासापेक्षा हे जास्त सलत होतं. शनिवारी संध्याकाळी तात्यांनी बेटातला एक जून कळक आधीच काढून ठेवलेला होता, तो खांद्यावर टाकून आणला. भाऊसाहेबांनी टेप लावला. चौदा फूट आठ इंच.

"कमीत कमी पंधरा लिवलंय," भाऊसाहेब म्हणाले.

"सरकार येणार हाय व्हय टेप घिऊन?"

"फोटू पाठवायचाय, तात्या. ग्रुपवर."

"मग फोटूत चार इंच दिसत्यात?"

बेटातला दुसरा कळक ओला होता, तो वाकला असता. लोखंडी पाइप चालेल का यावर चर्चा झाली. पत्रात बांबू होता. शेवटी सरपंचबाईंनी तोड काढली: वर कलश बसतो ना, तो धरून मोजा. कलश सुवर्ण हवा होता. काकींनी लग्नातला तांब्या चिंच लावून घासून दिला. पितळेचा, पण उन्हात त्याला सोन्याचं नाव देता यावं इतका लखलखीत. तांब्या धरून पंधरा फूट दीड इंच भरलं. शासनाला दीड इंच जास्तच गेलं.

सकाळी नऊला आम्ही सात जण होतो, सगळ्यांची तोंडं मास्कमध्ये. सरपंचबाईंनी पूजा केली. झेंडा बांधायला मला सांगितलं आणि मी हात मागं घेतला, शिपायानं बांधला. टेबल ग्रामपंचायतीचंच, ज्याच्या खणात घरपट्टीच्या पावत्या असतात ते. काठीला टेकू म्हणून ते थोडं डुगडुगत होतं, तेव्हा खाली जुन्या मतदारयादीची घडी सारली. राष्ट्रगीत झालं. महाराष्ट्रगीताला दुसऱ्या कडव्यात आवाज बारीक झाले, कारण मास्कच्या आत कोण नुसते ओठ हलवतंय ते कळत नाही. पण वारा सुटला आणि ते कुणाचंच नसलेलं सॅटिन एकदम भरून आलं. होन, तलवार, वाघनखं सगळं एका बाजूला ताणलं गेलं, जर चमकली. भाऊसाहेब फोटो काढायचे विसरले. मग झेंडा खाली लोंबल्यावर त्यांनी आम्हाला तसंच उभं करून पाच मिनिटं वाऱ्याची वाट पाहायला लावली.

उतरवायचं सूर्यास्ताला होतं. बाकीचे जेवायला गेले ते गेले. भाऊसाहेब आणि शिपाई पारावर बसून राहिले. दुपारी मी डबा घेऊन गेलो तेव्हा भाऊसाहेब डेडस्टॉक रजिस्टर मांडीवर घेऊन बसले होते. ध्वज, एक नग, भगवा, सॅटिन, अशी नोंद झाली होती. टेबल आधीपासून होतं. तांब्या काकींचा. बांबूच्या रकान्यावर त्यांचं पेन थांबलेलं.

"तात्याचाच राहू दे," ते म्हणाले. "रजिस्टरला घेतला तर दरसाल दाखवावा लागंल."

सहा वाजता पश्चिमेकडून आभाळ आलं. मृग एक-दोन दिवसांवर आणि ढग त्याच्या आधीच निघालेले. सूर्य दिसेनासा झाला, तेव्हा सूर्यास्त झाला असं धरायचं का, हा प्रश्न शिपायानं काढला. भाऊसाहेबांनी पंचांगातली वेळ काढून घड्याळाशी ताडली आणि नाही म्हणाले. तेवढ्यात पारापाशी तात्या आले. काखेत ताडपत्रीची गुंडाळी, हातात सुतळी.

"झालं का न्हाई रं तुमचं? कडब्याची गंजी उघडी हाय. आडवा टाकायला काठी पायजे."

"अजून तासभर, तात्या. सूर्यास्ताला उतरवायचं लिवलंय."

तात्यांनी आभाळाकडं बघितलं, झेंड्याकडं बघितलं. मग पारावर बसले, ताडपत्री मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बर. मी दोर धरतो. वारं सुटंल. तवर कुणी तरी च्या सांगा."